प्रत्येक पानाला स्वतःची पाटी हवी

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. या आराखड्याशी फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचे नाव जोडले जाते. गोलाईची खुबी अशी की रस्त्यागणिक माल ठरलेला. सोने-चांदी एका बाजूला, कापड दुसऱ्या बाजूला, पादत्राणे, मिरची, गूळ आपापल्या रस्त्याला. खेड्यातून आलेला माणूस बरोबर रस्ता धरतो आणि मालापाशी पोहोचतो. आता कल्पना करा, एका रात्रीत कोणी सोळाही रस्त्यांच्या तोंडावर एकच पाटी ठोकली, 'बाजार' एवढीच. गिऱ्हाईक गोल गोल फिरेल आणि दमून गावाची एस. टी. पकडेल.

नांदेड-लातूरच्या आमच्या अनेक व्यापारी बांधवांच्या वेबसाइटची आज हीच गत आहे. पैसे मोजून वेबसाइट करून घेतली, पेढे वाटले, बिलबुकावर पत्ताही छापला. पण आत डोकावावे तर प्रत्येक पानाचे नाव एकच, वर्णनाचा पत्ता नाही, आणि कोपऱ्यात वर्डप्रेसबरोबर आपोआप येणारे इंग्रजी 'सॅम्पल पेज' तसेच पडलेले! पानापानाची मांडणी, ज्याला 'पेज सेटिंग' म्हणतात, ती ठरवणे हे मालकाचे काम आहे. ते बनवणाऱ्यावर सोडून देणे म्हणजे दुकानाचा गल्ला हमालाच्या हाती देणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही व्यवस्था आहे तरी काय?

पूर्वी वेबसाइटवर एक ओळ बदलायची तरी जाणकाराचे पाय धरावे लागत. पुढे अशा व्यवस्था निघाल्या की ज्यात मजकूर, चित्रे आणि मांडणी मालकाला स्वतः बदलता येते. त्यांना 'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम' म्हणतात. त्यांतील सर्वाधिक वापराची म्हणजे 2003 साली सुरू झालेली वर्डप्रेस. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट तिच्यावर चालतात आणि मूळ कार्यक्रम फुकट मिळतो. आपल्या भागातील लहान दुकानांच्या वेबसाइटही बहुधा याच व्यवस्थेवर असतात.

या व्यवस्थेत दोन प्रकारच्या सेटिंग असतात. काही संपूर्ण वेबसाइटला लागू होतात, काही फक्त त्या त्या पानाला. दुकानाचे शटर आणि आतला प्रत्येक कप्पा यांत जो फरक, तोच हा फरक. आमचे बांधव शटर रंगवतात, कप्पे मात्र तसेच राहतात.

एका कारागिराची गोष्ट

नांदेडच्या इतवारा भागातील गाद्या-रजया करणारे एक नदाफ बंधू आमच्या परिचयाचे आहेत. हात असा की त्यांची रजई एकदा घेतलेले घर दुसरीकडे जात नाही. मुलाच्या आग्रहाने त्यांनी वेबसाइट केली. वर्ष उलटले, एक फोन आला नाही. "हे सगळे शहरवाल्यांचे खेळ," म्हणून ते बंद करायला निघाले होते. आम्ही त्यांच्यासोबत संगणकापुढे बसलो. दोन गोष्टी निघाल्या. पहिली, गादी, रजई, उशी, दुरुस्ती अशा चारही पानांचे शीर्षक 'होम' एवढेच होते. दुसरी त्याहून वाईट. पान गूगलसारख्या शोधयंत्रांना दाखवायचे की नाही, याची जी खूण असते, ती 'दाखवू नये' अशीच राहिली होती. काम अर्धवट असताना ही खूण करणे योग्यच, पण काम संपल्यावर ती काढायची राहून गेली. म्हणजे दुकान उघडे, दिवे चालू आणि रस्त्याच्या तोंडावर आडवा बांबू!

चूक बनवणाऱ्याची, यात शंका नाही. पण वर्षभरात मालकाने एकदाही आत पाहिले नाही, ही चूक कोणाची? खूण काढली, चारही पानांना नावे दिली. फळ लगेच दिसत नाही. शोधयंत्र पुन्हा फिरकायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. पण बांबू तरी निघाला.

मालकाने काय पाहावे?

सर्वप्रथम शीर्षक. 'उत्पादने' असे लिहून काही कळत नाही. 'कापसाच्या गाद्या व रजया, नांदेड' असे लिहावे. काय मिळते आणि कोठे मिळते, दोन्ही त्यात यावे. त्याखाली दोन ओळींचे वर्णन द्यायची सोय बहुधा जोड-कार्यक्रमातून, म्हणजे प्लगइनमधून मिळते. शोधयंत्र ते वर्णन दर वेळी दाखवतेच असे नाही, पण दिले असेल तर आपली बाजू आपल्या शब्दांत मांडली जाण्याची शक्यता वाढते.

दुसरा पानाचा पत्ता. मराठी शीर्षक दिले की पत्ताही देवनागरीत तयार होतो आणि तो उचलून कोणाला पाठवला की बरेचदा टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते. म्हणून पत्त्यापुरती रोमन लिपी वापरावी, दोन-तीन शब्दांत. एकदा ठरलेला पत्ता उठसूट बदलू नये. दुकान हलवल्यावर जुन्या जागी 'समोर स्थलांतर' असा फलक लावतो, तसा जुना पत्ता नव्याकडे वळवून द्यावा.

तिसरी गोष्ट, पान कोणाला दिसावे. सर्वांसाठी खुले, फक्त आपल्यापुरते, किंवा परवलीच्या शब्दाने उघडणारे, असे तीन प्रकार वर्डप्रेसमध्ये आहेत. घाऊक भावाचे पान परवलीच्या शब्दाखाली ठेवता येते. किरकोळ गिऱ्हाईक आणि ठोक व्यापारी यांना एकच दर दिसून होणारी कटकट त्याने टळते. मात्र हा शब्द दहा जणांना सांगितला की ते कुलूप राहत नाही.

चौथी वेळ. पान अमुक दिवशी आपोआप प्रसिद्ध व्हावे अशी तारीख देता येते. रमजानपूर्वीची अत्तर-खजुराची यादी किंवा ईदच्या कपड्यांचे पान आधीच तयार ठेवावे. पण वेबसाइटचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, हे आधी पाहावे. ते अनेकदा जागतिक प्रमाणवेळेवरच राहिलेले असते. मग सकाळी नऊचे पान दुपारी अडीचला उघडते.

हंगाम संपला की पान काढून टाकणाऱ्यांसाठीही एक सूचना. लातूरचा उन्हाळा म्हणजे कूलर करणाऱ्यांची सुगी. पावसाळा लागला की काही जण ते पानच पुसतात. असे करू नये. पान ठेवावे, 'नवीन माल फेब्रुवारीत' अशी ओळ लिहावी. जुन्या पानाची ओळख झालेली असते. दर वर्षी नवे पान म्हणजे दर वर्षी नव्याने पाटी रंगवणे.

पाचवी भाषा. आपल्याकडे एकाच पेढीचे गिऱ्हाईक मराठी, उर्दू आणि हिंदी वाचणारे असते. तिन्ही भाषा एका पानात कोंबू नयेत. पॉलीलँगसारख्या प्लगइनने प्रत्येक पानाची भाषा स्वतंत्र ठरवता येते. उर्दूचे पान उजवीकडून डावीकडे मांडले गेले आहे ना, हे उर्दू वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे.

दोन आक्षेप

"आमचे व्हॉट्सॲप आहे, वेबसाइट कशाला?" असे विचारणारे पुष्कळ आहेत. व्हॉट्सॲपवर तोच येतो, ज्याच्याकडे आपला नंबर आहे. पान अनोळखी माणसासाठी असते. नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला देश-परदेशातून यात्रेकरू येतात. 2008 च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीत या शहराने किती दूरची माणसे पाहिली, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. पंजाबात किंवा कॅनडात घरी बसून मोबाइलवर शोधणाऱ्या त्या माणसाला आपले नाव कोण सांगणार?

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. वर्डप्रेसची आतील पाने मराठीतही दिसतात. आपल्या खात्याच्या माहितीत जाऊन भाषा निवडायची, एवढेच. ज्याला बाजार समितीची पट्टी वाचता येते, त्याला हे जमते.

किल्ली आणि इमान

हे सारे तेव्हाच शक्य आहे, जेव्हा किल्ली आपल्या खिशात असेल. वर्डप्रेसमध्ये सर्वाधिकार 'ॲडमिनिस्ट्रेटर' खात्याला असतात. ते खाते मालकाच्या ईमेलवर हवे, आणि वेबसाइटचे नावही मालकाच्याच नावे नोंदलेले हवे. बनवणाऱ्याला कामापुरते वेगळे खाते द्यावे, काम संपल्यावर काढून घ्यावे. यात अविश्वास नाही. भाडेकरार आपल्या नावे असावा, एवढेच आम्ही म्हणतो.

आणि शेवटची बाब हिशेबाची नाही, इमानाची आहे. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरून विकणाऱ्याला पैगंबर साहेबांनी ढिगात हात घालून कसे टोकले, हे लहानपणापासून आपण ऐकत आलो. पानावर मागच्या वर्षीचा भाव आणि दुकानात वेगळा, पानावर सागवानाचा फोटो आणि हातात दुसरेच लाकूड, हेही वर कोरडे आणि खाली ओलेच. अनेकदा हे लबाडीने होत नाही, पान बदलायचे राहून जाते. पण गिऱ्हाईकाला ते कसे कळावे? म्हणून महिन्यातून एक दिवस ठरवा. जुम्म्याच्या नमाजनंतर किंवा आठवडी सुट्टीला घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला शेजारी बसवा आणि एकेक पान उघडून भाव, फोन नंबर, वेळ तपासा.

सोळा रस्त्यांची गोलाई पाट्यांनी चालत नाही, दुकानदारांच्या पतीने चालते, हे खरे. पण पत असलेल्या दुकानापर्यंत माणूस पोहोचायला पाटी लागतेच. ती आपल्या हाताने लिहा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.