जुनी गाडी घेताय? मग आधी तिचा गिअरबॉक्स उघडणारा मिस्त्री शोधा

डिलिव्हरीसाठी जुनी गाडी घ्यावी की टेम्पो भाड्याने लावावा, या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "सर, कुठल्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स सगळ्यात टिकाऊ असतो?" नावं सांगतोच. पण त्याआधी तुमच्या प्रश्नातला एक शब्द बदलून घेतो. धंद्यासाठी गाडी घेणाऱ्याने 'टिकाऊ' म्हणजे 'कधीच बिघडत नाही' असं धरू नये. जी बिघडली तरी परवा सकाळी पुन्हा रस्त्यावर असते, ती टिकाऊ.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. खैरानी रोडवर माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान सुरू झाल्यावर मी एक जुनी ऑटोमॅटिक सेडान घेतली, १ लाख ८५ हजारांना. साकीनाक्याच्या सिग्नलला क्लच दाबून दाबून पाय दुखतो, म्हणून ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. चौथ्या महिन्यात गाडी चढावर रेस घ्यायची, पण पुढे सरकायची नाही. दुरुस्तीचं बिल ६८ हजार झालं आणि गाडी १९ दिवस उभी राहिली. त्यातले कामाचे दिवस १६, रोज टेम्पोच्या दोन खेपा, खेपेला ७०० रुपये. म्हणजे आणखी २२,४०० गेले. गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे एका गिअरबॉक्सने खाल्ले. आणि मी BBA केलेला माणूस, ब्रेक-इव्हन काढायला शिकलेला! गाडी घेताना मात्र फक्त एसी आणि सीट कव्हर बघितलं होतं.

आपल्या शेजारच्या कुर्ल्यातच या विषयाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून अनेक दशकं चालली. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, चार गिअर, बस्स. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून गेली. म्हणजे तिला नियमाने थांबवलं, गिअरबॉक्सने नाही. तो गिअरबॉक्स काही फार भारी होता, असं माझं म्हणणं नाही. गिअर टाकणं ही एक कला होती, हे जुना कुठलाही टॅक्सीवाला सांगेल. पण तो उघडता येणारा मिस्त्री जागोजागी होता आणि त्याला सुटे भाग मिळत होते. गाडीचं आयुष्य वाढवलं ते या दोन गोष्टींनी.

आता आजच्या बाजारात या.

माल वाहायचा असेल तर माझी पहिली पसंती मारुती इको, आणि बजेट कमी असेल तर ओम्नी. ओम्नी १९८४ मध्ये आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. पस्तीस वर्षं एकच गाडी, म्हणजे तिच्यावर हात न मारलेला मिस्त्री सापडणं कठीण. इको २०१० ची, इंजिन १.२ लिटरचं, दम जास्त. दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात, आणि हा मुद्दा नीट समजून घ्या. ओम्नी-इकोत गिअरबॉक्स वेगळा, मग प्रोपेलर शाफ्ट, मग मागे डिफरन्शियल. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खालून सुटतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात असतात, आणि ते उतरवायला आधी ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात. काम वाढलं की मजुरी वाढते, आणि त्याहून महाग पडतो तो वेळ.

याचा अर्थ पुढच्या चाकांवरच्या गाड्या वाईट असा नाही. आल्टो, जुनी वॅगन आर आणि १९९८ ला आलेली पहिली सँट्रो यांचे मॅन्युअल गिअरबॉक्स साधे आणि दणकट. केक, टिफिन, मोबाईल ॲक्सेसरीज असला हलका माल असेल तर खुशाल घ्या. त्यांची दुखरी जागा एकच. ड्राइव्ह शाफ्टचं ऑईल सील गळतं, थेंब थेंब ऑईल जातं आणि मालकाला पत्ता नसतो. एवढ्या मोठ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ऑईल असतं साधारण दोन लिटर. त्यातलं अर्धं गेलं की बेअरिंग ओरडायला लागतं. इंजिन ऑईल सगळे बदलतात, गिअर ऑईल मात्र कित्येकांनी गाडी घेतल्यापासून बदललेलं नसतं. बरेचसे 'खराब गिअरबॉक्स' हे खरं तर तहानेने मेलेले गिअरबॉक्स असतात.

माणसं नेऊन धंदा करायचा, इव्हेंटची टीम आणि सामान वाहायचं, तर टोयोटा. २००० ची क्वालिस आणि २००५ ची इनोव्हा, दोन्ही डिझेल मॅन्युअल. टॅक्सीवाले आणि ट्रॅव्हल्सवाले उगाच वेडे नाहीत. पण म्हणूनच सावध राहा, कारण बाजारातल्या बऱ्याच इनोव्हा आधीच पुष्कळ पळालेल्या असतात आणि मीटरवरचा आकडा म्हणजे देवाची करणी! बोलेरोही मजबूत, फक्त आपल्या गल्ल्यांत वळवताना घाम फुटतो.

टाटा एसबद्दल वेगळं बोलतो. २००५ ला आलेला आपला छोटा हत्ती पाऊण टनाची गाडी म्हणून बनला आणि आपण त्याच्यावर दीड टन लादला. मग मिस्त्रीकडे जाऊन म्हणायचं, गिअरबॉक्स हलका आहे. जुना एस बघताना गिअरबॉक्सच्या आधी मागचे पाटे बघा. पाटे सरळ झालेले असतील तर गिअर आणि क्लचनेही तेवढाच मार खाल्लाय, हे समजा.

ऑटोमॅटिकबद्दल माझं मत काही जणांना आवडणार नाही. जुनी ऑटोमॅटिक धंद्यासाठी घेऊ नका. घरासाठी घ्या, आईवडिलांना फिरवा, माझं काही म्हणणं नाही. घ्यायचीच असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक त्यातल्या त्यात बरी. सीव्हीटीत दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो. चालते छान, पण ठरलेलं ऑईल ठरल्या वेळी बदललं नसेल तर आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही. कोरड्या क्लचच्या ७ गिअरच्या डीएसजीसाठी तर फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरात लाखो गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. नवी गाडी असेल तर ते कंपनी बघते. दहा वर्षं जुन्या गाडीत कोण बघणार? एएमटी हा मधला मार्ग. २०१४ ला सेलेरिओबरोबर आपल्याकडे ती लोकप्रिय झाली. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यामुळे गिअर टिकतात, पण ते हलवणारं यंत्र बिघडलं की स्पॅनरवाला मिस्त्री हात वर करतो.

आता गाडी बघायला जाल तेव्हा काय कराल? एक, मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा, गरम करून ठेवू नका. न्यूट्रलमध्ये चालू करून कान द्या. घरघर येतेय आणि क्लच दाबल्यावर ती थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग गेलंय. पहिल्याचा खर्च मोठा, दुसऱ्याचा त्या मानाने कमी. मग गाडी असल्फ्याच्या चढाला न्या. चढताना तिसऱ्यावरून दुसरा टाका. करकर आली तर सिंक्रो रिंग झिजलीय. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन काढा. दांडा आपोआप न्यूट्रलला उडाला तर तिथेच नमस्कार करून घरी या. शेवटी सपाटीवर हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. नुसतं गुरगुरत राहिलं तर क्लच प्लेटचे पैसे किमतीतून वजा करा.

आणि गिअर ऑईल थोडं काढून बघा, लाजू नका. आपण मिठी नदीच्या काठची माणसं आहोत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा इथल्या गाड्यांचं काय झालं ते ज्यांनी बघितलंय ते विसरलेले नाहीत. तेवढा नाही, तरी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गाड्या पाण्यात उभ्या राहतात आणि दिवाळीत पॉलिश होऊन विकायला येतात. गिअर ऑईल कटिंग चहासारखं दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळी पेस्ट असेल तर ठीक. हाताला लागतील असे चकचकीत तुकडे असतील तर नको.

सोबत जो मिस्त्री न्याल तो विकणाऱ्याने सुचवलेला नको, तुमचा हवा. त्याला ५०० किंवा १००० रुपये द्या आणि एकच प्रश्न विचारा: "भाऊ, हिचा गिअरबॉक्स तुम्ही स्वतः उघडलाय का, आणि सामान कुर्ल्यात सीएसटी रोडला मिळेल का?" तो "बघू, शोधावं लागेल" म्हणाला, तर गाडी कितीही स्वस्त असो, पुढची गाडी बघा.

कागदाचंही सांगतो, थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर पुन्हा नोंदणी करायची तर २०२२ पासून कारचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालंय, शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती यामुळेच. आणि दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा असेल तर पिवळी पाटी लागते, पांढऱ्या पाटीवर ते चालणार नाही.

मी आता २०१३ ची इको वापरतो. मागच्या वर्षी तिचा गिअर अडकायला लागला. शुक्रवारी संध्याकाळी गाडी मिस्त्रीकडे दिली, शनिवारी दुपारी सीएसटी रोडवरून सिंक्रो रिंग आली, रविवारी तसंही दुकान बंद. सोमवारी सकाळी दहाला पहिली खेप पवईला गेली. ग्राहकाला कळलंसुद्धा नाही.

ज्या ताईंनी टिफिनसाठी ऑटोमॅटिक सेडान पसंत केलीय आणि टोकन देऊ का म्हणून विचारलंय, त्यांनी थांबा. तुमचे रोजचे डबे किती आणि लांबचा ग्राहक कुठला, एवढं लिहून पाठवा. त्याच बजेटमध्ये जुनी वॅगन आर बसते का, ते पुढच्या व्हिडिओत तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो.