पुढचा शाफ्ट

या सदरांत आम्ही बहुधा घरगुती गोष्टीच लिहितों. आजचा विषय मोटारीच्या पोटांतला असला तरी तो घरगुतीच आहे, हें वाचकांस शेवटीं पटेल.

आमची धाकटी बहीण दिवाळीनंतर सुनेच्या बाळंतपणासाठीं अमेरिकेंत, कोलोरॅडो प्रांतांत गेली आहे. भाच्याचें घर डोंगराच्या उतारावर. हिंवाळ्यांत रस्ता बर्फाखालीं जातो. इस्पितळ वीस मैलांवर. आणि दिवस भरावयाचे ते ऐन जानेवारींत. म्हणून भाच्यानें एक जुना ट्रक सिद्ध करावयास घेतला. चारही चाकांस ओढ देणारी मधली पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, नादुरुस्त होती. तिच्या जागीं त्यानें दुसऱ्या गाडीची पेटी बसविली. बर्फांत पोट घासूं नये म्हणून पाटेही उंच घातले. येथवर सर्व ठीक झालें. पण पुढच्या आंसाकडे जाणारा जुना शाफ्ट आतां दोन इंच आंखूड पडला व पेटीकडील तोंडही जुळेना.

आपल्याकडील जुन्या जीपगाडीखालीं ज्यांनीं डोकावून पाहिलें असेल त्यांस हा शाफ्ट ठाऊक असेल. पेटी चौकटीस घट्ट जखडलेली. आंस मात्र पाट्यांवर खालीं-वर होतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोंकांस, ज्यास मेस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात तो सांधा, आणि मध्यें एकांत एक सरकणारा खांचांचा सांधा असतो.

तोंडें जुळविणें फारसें कठीण गेलें नाहीं. शाफ्टचा क्रॉस १३१० मापाचा, पेटीचा १३३० मापाचा. दोन्ही मापें एकत्र असलेला क्रॉस बाजारांत मिळतो. खरा मोह पुढेंच होता. सरकता सांधा ताणला असतां जुना शाफ्ट कसाबसा पोंचत होता! पण भाच्यानें आंस मोकळा लोंबतां ठेवून पाहिलें, तों सांध्याची पकड जेमतेम एक इंच उरली. खड्ड्यांत चाक लोंबलें कीं शाफ्ट निसटणार. उलट तो फाजील लांब केला, तर पाटे दबतांच तो पेटींत घुसून बेअरिंग फोडणार. म्हणून आंस लोंबता, गाडी आपल्या भारावर उभी आणि पाटे पूर्ण दबलेले, अशा तिन्ही स्थितींत माप घेऊन त्यानें नवी नळी कारखान्यांत वेल्डिंग करविली व शाफ्ट तोलून घेतला.

दुसरा मोह कोनाचा. गाडी उंच केल्यानें दोन्ही क्रॉसांचा कोन वाढला. क्रॉसचा एक स्वभाव आहे: वीस अंशांच्या कोनांत पहिला दांडा एकसारखा फिरला, तरी दुसऱ्याचा वेग दर फेऱ्यांत दोनदां सुमारें सहा टक्के कमी व तितकाच जास्त होतो. दुसऱ्या टोंकाचा कोन तेवढाच असेल आणि शाफ्टचीं दोन्ही दुबेळकीं एका रेषेंत असतील, तर एकाची चूक दुसरा फेडतो. कोणी सल्ला दिला कीं, पाट्याखालीं पाचर मारून आंसाचें तोंड वर करावें, म्हणजे खालचा क्रॉस सुखी होईल. पण त्यामुळें दोन्ही कोनांचा मेळ मोडतो. शिवाय पुढचीं चाकें ज्या खुंट्यांवर वळतात त्यांचा मागें असलेला कल कमी होतो, आणि मग वळणानंतर चाकें आपणहून सरळ होईनातशीं होतात. भाच्यानें पाचर मारली नाहीं.

तरी काळजीचें कारण राहिलेंच. पुढच्या चाकांचे हब मोकळे असले म्हणजे हा शाफ्ट वर्षभर फिरतच नाहीं. फिरतो तो संकटाच्या दिवशीं. म्हणून त्यानें नोव्हेंबरांतच कोरड्या रस्त्यावर हब अडकवून, पेटी दोन चाकांवरच ठेवून, गाडी पळविली. अशानें पुढचा शाफ्ट ओढ न देतां नुसता फिरतो. ताशी पस्तीस मैलांवर सबंध गाडी थरथरली. उघडून पाहतां सरकता सांधा एक खांच चुकवून बसविलेला आढळला. म्हणजे दुबेळकीं एका रेषेंत नव्हतीं. त्यानें तो नीट बसविला, पुन्हां चूक होऊं नये म्हणून दोन्ही भागांवर पंचनें खुणा ठोकल्या, थरथर गेली.

बहीण फोनवर म्हणाली, “दादा, त्या दिवशीं मी मागच्या बाकावर बसलें होतें. सुनेला बसवण्याआधीं मला बसवून पाहा, असें मीच त्याला म्हटलें!”

आपल्या घरांतही असे वर्षभर न फिरणारे शाफ्ट पुष्कळ असतात: माळ्यावरची शिडी, न उघडलेली औषधांची पेटी, वापरांत नसलेला मागचा दरवाजा. त्यांची परीक्षा अडचणीच्या रात्रीं होऊं देऊं नये. एखादा रिकामा रविवार त्यासाठीं काढावा, हीच आमची वाचकांस विनंती.