उशिरा आलेल्यानं बसायचं कुठे?

लग्नाच्या पंगतीला उशिरा पोचलेल्या माणसाचे थोडे हाल होतात, हे खरं आहे. मठ्ठा संपलेला असतो, जिलबी गार झालेली असते आणि यजमानाच्या चेहऱ्यावर 'आता आलात होय?' असे भाव असतात. पण एकदा का तो पानावर बसला की वाढपी मिठापासूनच सुरुवात करतो. "तुम्ही उशिरा आलात, तेव्हा आधी चारशे पत्रावळी उचला, मग मीठ मिळेल, आणखी चारशे उचला, मग चटणी," असं त्याला कोणी म्हणत नाही. म्हटलं, तर तिथल्या तिथे सोयरीक मोडेल.

मोबाईलवर आणि काँप्युटरवर वर्षानुवर्षं चालणारे, हजारो लोकांनी एकत्र खेळायचे जे खेळ असतात, त्यांत मात्र नेमकं हेच म्हणतात. म्हणून त्या खेळांवर माझा राग आहे. मी चाळिशी उलटलेला, बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. माझ्या रागानं कोणाचं काही वाकडं होत नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण निदान राग हिशेबी आहे. ताळा जुळवून मगच लिहायला बसलो आहे.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव शिकायला पुण्याला गेले आणि आमचं संभाषण चार शब्दांवर आलं. "जेवलास का?" "हो." "पैसे?" "पाठवा." याहून जास्त बोलणं मी अनोळखी खातेदाराशी करतो. एकदा ही म्हणाली, "तो बोलत नाही असं नाही. रात्री दोन-दोन तास त्या खेळात पोरांशी बोलत असतो." मी विचार केला, पोरगं आपल्याकडे येत नाही, तर आपण त्याच्या ओट्यावर जाऊन बसावं. शाखेतल्या शिपायाकडून खेळ मोबाईलवर घालून घेतला. तो म्हणाला, "सायेब, हे तुमाले नाही जमनार. लय दिस लागते याले." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आमच्या शाखेत शिपायाचं म्हणणं नेहमी शेवटी खरं ठरतं, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

खेळाचं नाव मी सांगत नाही. एक ओसाड माळ मिळतो. त्यावर गाव वसवायचं, खाणी खणायच्या, कोट बांधायचा, सैन्य पोसायचं आणि एखाद्या टोळीत शिरून दुसऱ्या टोळ्यांवर स्वाऱ्या करायच्या. गावाच्या मधोमध मुख्य वाडा. वाड्याची पायरी वाढली की तुमची पत वाढते. चिरंजीव सातवीपासून खेळतात. त्यांचा वाडा पंधराव्या पायरीवर. माझा पहिल्या. मी त्यांच्या टोळीत येण्यासाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, किमान पायरी तेरा.

मी फोन लावला. "बाबा, नियम आहे तो," चिरंजीव म्हणाले. "लीडर खालच्या लोकांना घेत नाही. तुम्ही आधी वाढवा, मग या."

"किती दिवस लागतील?"

"रोज खेळलात तर... तीनेक वर्षं."

"तीन वर्षांनी तू पुण्यात तरी असशील का?"

"हो ना," तो म्हणाला, आणि दोघंही गप्प बसलो.

तरी मी चिकाटी सोडली नाही. पहिल्या आठवड्यात सगळं भराभर झालं. कंपन्या हुशार असतात; नव्या खातेदाराला आम्हीही आधी कॅलेंडर देतो. मग एका बुरुजाला एक दिवस, पुढच्याला तीन, त्यापुढच्याला आठ. इथे सुलतानपूरच्या शेजारी लोणारला आकाशातून एक दगड पडला आणि सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर क्षणात पडलं. माझ्या गड्यांना एक तोफ बसवायला आठ दिवस! घाई असेल तर हिरे विकत घ्या, म्हणे. बरं, आठ दिवस मी थांबलो, तर तोवर चिरंजीवांच्या गावातही काहीतरी वाढलेलं असे, आणि अधूनमधून कंपनी वरून एक नवी पायरी चढवी. हप्ते भरतोय आणि मुद्दल वाढतंय, असं कर्ज मी माझ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

मग सवयीनं मी बाकीच्या खेळांच्या खतावण्या चाळल्या. रूनस्केप नावाचा खेळ 2001 साली सुरू झाला. त्यात एखादं कसब, समजा लाकूडतोड, 99 व्या पातळीला न्यायला 1,30,34,431 गुण लागतात. यातले निम्मे कुठे होतात? भाबडा माणूस म्हणेल, पन्नासाव्या पातळीला. नाही! 65,17,253 गुण होतात ते 92 व्या पातळीला. ब्याण्णव पायऱ्या चढून घाम पुसावा, तर पाटीवर लिहिलेलं, 'आपण अर्ध्या वाटेवर आहात.' माझ्या नजरेनं यातली मेख ओळखली. दर सात पातळ्यांना मेहनत दुप्पट. बहात्तरला साताने भागा; साधारण दहा टक्के दरानं चक्रवाढ! आम्ही कर्जदाराला निदान कागदावर सही तरी घ्यायला बोलावतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 2004 साली शेवटची पातळी 60 होती. पुढे 70, मग 80, असं करत 2018 साली ती 120 झाली. म्हणजे स्टेशन जवळ आलं की पुढे सरकतं. शेवटी 2020 साली कंपनीलाच ते पेलेना, तेव्हा 120 वाल्याला 50 वर आणून बसवलं. आइसलंडमधल्या ईव्ह ऑनलाइनची तऱ्हा आणखी न्यारी. 2003 पासून तिथे कसब घड्याळावर वाढतं. तुम्ही झोपलात तरी वाढतं. ही तर आमची सेवाज्येष्ठता झाली! मग 2016 साली तिथे इंजेक्शनं निघाली. जुन्या खेळाडूच्या अंगातलं कसब उपसायचं आणि नव्याला टोचायचं. उपसायचं यंत्र अर्थातच कंपनीकडून.

वॉरक्राफ्टवाल्यांनीही 2014 साली दुकान मांडलं होतं. साठ डॉलर टाका आणि पहिल्याच दिवशी 90 व्या पातळीवर जा. इथे माझा मुद्दा आहे. त्या नव्वद पायऱ्यांत गंमत होती, तर ती टाळायला माणूस पैसे का देतो? स्वयंपाक चांगला असेल तर पानावरून उठायचे साठ डॉलर कोण मोजेल? आणि गंमत नव्हती, तर पायऱ्या बांधल्या कशाला? खड्डाही यांनीच खणायचा आणि शिडीही यांनीच भाड्यानं द्यायची, हा धंदा आमच्या भागात सावकार करत असत. पण सावकाराला निदान लोक सावकार म्हणत.

यावर जुने खेळाडू चिडतात. "आम्ही वर्षानुवर्षं राबलो, तुम्हालाही राबायला हवं." हा युक्तिवाद मला नवा नाही, प्रत्येक सासूनं तो केलेला आहे. पण यात एक खोट आहे. तुम्ही राबलात तेव्हा एकटे नव्हता, बाबांनो! तुमच्या पायरीवर तुमच्यासारखेच शेकडो होते. आज नवा माणूस त्याच वाटेनं निघतो, तर धर्मशाळा ओसाड, चूल थंड, आणि सगळी जत्रा पुढच्या गावाला गेलेली. तास तेवढेच, सोबत नाही. आणि सोबतीशिवायच्या श्रमाला खेळ म्हणत नाहीत, सक्तमजुरी म्हणतात.

पटत नसेल तर 2019 चा ऑगस्ट आठवा. वॉरक्राफ्टचा जुना, पहिल्यासारखाच रेंगाळणारा खेळ 'क्लासिक' म्हणून पुन्हा सुरू झाला. सगळे पहिल्या पातळीवर. गर्दी इतकी, की मारायचा राक्षस एक आणि मारणारे अनेक. लोक खेळातल्या खेळात चक्क रांग लावून उभे राहिले! कोणी कुरकुरलं तरी त्या रांगेच्या आठवणी आजही कौतुकानं सांगतात. रांगेला माणूस भीत नाही. आपल्या पुढची माणसं दिसतच नाहीत अशा रांगेला भितो.

"मग मेहनतीला किंमतच नको का?" असं कोणी विचारील. जरूर हवी. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळातला महिला विश्वचषक जिंकला. वय वर्षं 19. समोर कोनेरू हंपी, ज्या 2002 साली, दिव्याच्या जन्माआधीच, ग्रँडमास्टर झाल्या होत्या. हंपींची सगळी मेहनत त्यांच्या डोक्यात होती आणि तिला जग मान देतं. पण एवढ्या वर्षांच्या सेवेबद्दल त्यांच्या वजिराला दोन घरं जास्त चालायची सवलत नव्हती. दोघींकडे सोळा-सोळा सोंगट्या. हाच खेळ एखाद्या कंपनीच्या हाती असता, तर हंपींचं प्यादं चाळिसाव्या पातळीचं असतं आणि दिव्याला सांगितलं असतं, "बाई, आधी सहा वर्षं घोड्याला चारा घाला."

आणि हे मोबाईल-काँप्युटरवर जमत नाही असंही नाही. गिल्ड वॉर्स 2 या खेळात 2012 पासून शेवटची पातळी 80 च आहे, आणि मोठा खेळाडू नवख्यांच्या मुलखात गेला की त्याचं बळ तेवढ्यापुरतं कमी होतं. अंगणात नातवाशी क्रिकेट खेळताना आजोबा हळू चेंडू टाकतात, तसंच हे. त्यानं आजोबांची अब्रू जात नाही.

इथवर लिहून मी पेन खाली ठेवलं, कारण माझी मलाच शरम वाटली. गेल्या वर्षी आमच्या शाखेत एक मुलगी नवी लागली. तिला कुठे बसवायचं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मीच म्हणालो होतो, "पासबुक छापायला बसवा. मीही तिथेच बसलो होतो." हे खरं होतं. पण मी बसलो होतो तेव्हा शेजारी एक पिकलेले हेडकॅशियर बसत. चुकलो की हळूच सांगत आणि दुपारी डबा माझ्यापुढे सरकवत. ही मुलगी कोपऱ्यात एकटीच होती. दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची तिकडे ओढली. "आता कशी लेवल वाढली तुमची," शिपाई म्हणाला.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. वाटेतल्या गावचा माणूस येतो आणि दोन कोस बरोबर चालतो. ही तुमची कितवी वारी, किमान तेरा झाल्या आहेत का, असं त्याला कोणी विचारत नाही. माझं खेळवाल्यांकडे एवढंच मागणं आहे. जुन्यांना वाडे ठेवा, बिल्ले द्या, झुली घाला. पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर दोन कोस चालू द्या.

हे सगळं मी चिरंजीवांना फोनवर ऐकवलं. चक्क पंधरा मिनिटं. पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला. चार दिवसांनी रात्री खेळात माझ्या ओसाड माळाशेजारी एक नवं गाव दिसलं. पहिली पायरी, दोन गडी, कोट नाही. लगेच फोन आला.

"बाबा, दुसरं खातं काढलंय. शून्यापासून."

"म्हणजे जनधन," मी म्हणालो.

तो हसला. आता रोज रात्री आम्ही दोघं मिळून दगड वाहतो. टोळीत सभासद दोन. परवा मेसच्या आमटीवरून निघालेलं बोलणं पाऊण तास चाललं. माझ्या तोफेला अजून सहा दिवस आहेत, आणि खरं सांगायचं तर मला आता घाई नाही.