पिल्लांच्या खुराकातलं लायसिन

जळगाव-धुळ्याकडे मका मुबलक आणि सरकी पेंड हाताशी, त्यामुळे वराहपालनाचा खुराक या दोहोंवरच भागवावा असं कुणालाही वाटेल. मोठं डुक्कर त्यावर कसंबसं निभावतं. नुकतं दूध तोडलेलं पिल्लू निभावत नाही. मक्यात प्रथिनं जेमतेम आठ-नऊ टक्के आणि लायसिन, म्हणजे वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल, पाव टक्क्याच्या आसपास. सात ते अकरा किलोच्या पिल्लाला मात्र खुराकात पचणारं लायसिन सुमारे १.३५ टक्के लागतं. सरकीतलं गॉसिपॉल हे द्रव्य पेंडेतलं लायसिन बांधून ठेवतं, शिवाय डुकराला ते विषारी. मग पिल्लं वाढेनात म्हणून पेंड आणखी वाढवली जाते, आणि खरं नुकसान तिथेच सुरू होतं. दूध तुटल्यावर लहान आतड्यातले अन्न शोषणारे बारीक उंचवटे खुरटतात, पोटात आम्लही पुरेसं तयार होत नाही. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात कुजतं, अमोनिया सुटतो, ई. कोलाय जिवाणू माजतात आणि पिल्लं हगवणीने खंगतात.

म्हणून सोयाबीन पेंडेचा आधार ठेवून एकूण प्रथिनं २२ टक्क्यांवरून १८ पर्यंत उतरवावीत आणि लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन वरून मिसळावीत. ही सुटी अमिनो आम्लं पचवावी लागत नाहीत, लहान आतड्यातच शोषली जातात. थ्रिओनिन तर आतड्याच्या संरक्षक चिकट थरासाठीच मोठ्या प्रमाणात खर्च होतं. भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, युरोपने २०२२ मध्ये औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड थांबवलं. हगवण औषधाने दाबायचे दिवस सरत असताना ती खुराकातूनच टाळणं शहाणपणाचं. प्रथिनं एक टक्क्याने उतरली की मलमूत्रातला नायट्रोजन साधारण आठ-दहा टक्क्यांनी घटतो. पिंप्राळ्यासारख्या, जळगाव शहरात मिसळून गेलेल्या गावात शेजाऱ्यांच्या दृष्टीने हेही थोडं नाही.

‘हे रासायनिक आहे’ ही शंका रास्त, पण बाजारातलं लायसिन साखर-स्टार्च आंबवून जिवाणूंकडूनच तयार होतं. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार. त्याचं उत्तर पेंडेत होणारी बचत आणि वाचलेली पिल्लं यांच्या हिशेबातच आहे, आणि सोयाबीन पेंड स्वस्त असेल तेव्हा तो हिशेब जुळेलच असं नाही. प्रथिनं फारच कापली तरी वाढ खुंटते. खर्च टाळायला हॉटेलचं खरकटं फुकट मिळतं हे खरं, पण आफ्रिकन स्वाइन फीव्हर त्यातूनही पसरतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून वराहपालनाला ५० टक्के, कमाल ३० लाखांचं अनुदान आहे. पशुसंवर्धन खात्याने त्या मंजुरीसोबतच खान्देशी मक्यावर बेतलेला खुराकाचा तक्ता द्यावा, आणि खुराकाच्या पोत्यावर प्रथिनांच्या आकड्याशेजारी पचणाऱ्या लायसिनचा आकडा मराठीत छापणं सक्तीचं करावं.