तहान लागल्यावर विहीर?

१९३० साली लष्करी कायदा सोसलेल्या आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चार हुतात्मे दिलेल्या सोलापूरला स्वदेशीचा अर्थ कोणी शिकवावयास नको. परंतु त्या शब्दाची व्याप्ती आज वाढली आहे. माग आपला, विणकर आपला. मात्र चादरीचे गठ्ठे वाहणाऱ्या मालमोटारीचे इंधन परक्याच्या मर्जीवर, ही स्वदेशी अर्धीच होय. खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग आपण आयात करतो.

अटलजींच्या शासनाने हे ओळखले होते. सरकारी मालकीच्या ओएनजीसी विदेशने २००१ मध्ये रशियातील सखालिन-१ प्रकल्पात २० टक्के, तर २००३ मध्ये सुदानच्या तेलक्षेत्रात २५ टक्के वाटा मिळविला. पुढे काय झाले? २००५ मध्ये पेट्रोकझाकस्तान ही कंपनी ४१८ कोटी डॉलर मोजून चीनच्या सीएनपीसीने नेली. २०१३ मध्ये काशागानचा हिस्साही तिच्याच पदरी पडला. इराणचे फरजाद-बी वायुक्षेत्र २००८ साली शोधले आपल्या कंपन्यांनी. निर्बंध आणि अटींच्या घोळात वर्षे सरली आणि २०२१ मध्ये विकासाचे कंत्राट इराणी कंपनीला मिळाले. खणणारे आम्ही, पाणी भरणारा दुसराच!

‘बाजारात मिळेल ते विकत घ्यावे, सरकारने परदेशी खाणींत कशाला उतरावे?’ असे आमचे अर्थपंडित विचारतात. त्यांना एप्रिल २०२५ ने उत्तर दिले. चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपल्या वाहन उद्योगाला चुंबकांची चिंता लागली. खिशात पैसा होता. दुकानदारच माल देईना.

२०१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘काबिल’ने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियमच्या पाच क्षेत्रांचे अन्वेषण व विकासाचे हक्क मिळविले. क्षेत्र १५,७०३ हेक्टर. आरंभ स्वागतार्ह आहे. पण अन्वेषण म्हणजे उत्पादन नव्हे.

या व्यवहारांत जोखीम आहेच आणि पैसा जनतेचा आहे. म्हणून संसदेला हिशेब दिलाच पाहिजे. मात्र प्रामाणिक निर्णय फसला म्हणून अधिकाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर फाईलवर सही कोण करील? कंपन्यांना वेळेत बोली लावण्याचे अधिकार द्या, दूतावासांना या कामास जुंपा. आणि ईस्ट इंडिया कंपनीचे चटके सोसलेल्या राष्ट्राने परभूमीत लुटारू म्हणून नव्हे, भागीदार म्हणून जावे. स्थानिकांना न्याय्य वाटा देणारा करारच टिकतो.

तहान लागल्यावर विहीर खणणारे राष्ट्र पाण्यासाठी इतरांच्या दारी उभे राहते. आपल्या खासदाराला हा प्रश्न विचारणे, हेही आजचे स्वदेशी व्रतच आहे.