विश्लेषण : आरोपनिश्चितीआधीच कोठडीत मृत्यू, फादर स्टॅन स्वामी प्रकरण काय सांगते?

नवी मुंबईतील तळोजा मध्यवर्ती कारागृहात ऑक्टोबर २०२० मध्ये ८३ वर्षांचे जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी दाखल झाले. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. तोवर त्यांच्यावरील आरोप निश्चितही झाले नव्हते.

प्रकरण काय होते?

एल्गार परिषद प्रकरणात बंदी असलेल्या माओवादी संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपावरून ‘एनआयए’ने त्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीतून अटक केली. त्यांनी आरोप फेटाळले होते. पार्किन्सनमुळे त्यांना पेला धरता येत नसे. स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांनी ६ नोव्हेंबरला न्यायालयात अर्ज केला. पुढची सुनावणी झाली २६ नोव्हेंबरला.

जामीन का मिळाला नाही?

यूएपीए कायद्याच्या कलम ४३ ड (५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरे वाटत असतील, तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. विशेष न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यांचा अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यांना खासगी रुग्णालयात हलवण्याचा आदेश दिला. तिथल्या जामीन अर्जावर सुनावणी सुरू असतानाच मृत्यूची बातमी आली.

श्रद्धेचा संबंध कुठे येतो?

श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठीचा प्रयत्न वेगळे करता येत नाहीत, अशी भूमिका जेझुइट संघाने १९७५ मध्येच घेतली. मत्तयच्या शुभवर्तमानात कैद्याची विचारपूस ही प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा मानली आहे. स्वामींनी झारखंडमध्ये हेच केले. नक्षलवादी ठरवून तुरुंगात टाकलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी त्यांनी झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. पुढे ते स्वतःच कच्चे कैदी झाले.

काय बदलायला हवे?

धर्मगुरू आहे म्हणून कोणी कायद्यापेक्षा मोठा ठरत नाही. दहशतवादाच्या गुन्ह्यांसाठी कायदा कडक हवा, हा युक्तिवादही रास्त आहे. पण खटला चालवून दोष सिद्ध करणे वेगळे आणि खटला सुरू होण्याआधीच कैदेची शिक्षा भोगायला लावणे वेगळे. खटला दीर्घकाळ रखडला तर यूएपीएतही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणातील आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. त्या मोजमापात नऊ महिने किरकोळ ठरतात. स्वामींकडे मात्र तेवढेच उरले होते.

त्यामुळे जामिनाचा विचार करताना किती काळ कैद झाली एवढेच नव्हे, तर आरोपीचे वय आणि आजारही मोजला पाहिजे. औषध, उपचार आणि दैनंदिन गरजांच्या अर्जांवर काही दिवसांत निर्णय देण्याचे बंधन हवे. ही मागणी एका धर्माच्या माणसासाठी नाही. राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदाने जगण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो कारागृहाच्या दारापाशी संपत नाही.