ग्रहणाचा दिवस : पाळावा कीं मोजावा ?

ता. २१ जून २०२० रोजीं ज्येष्ठ अमावास्या होती. भिंगारच्या शिवारांत मृगाचा पाऊस बरा झाला होता आणि रानाला वापसा आला होता. परंतु त्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास खंडग्रास सूर्यग्रहण लागून दुपारीं दीडच्या सुमारास सुटावयाचें होतें व त्याचे वेध आदल्या रात्रींच लागले होते. वडील माणसांच्या शब्दाबाहेर जाण्याची आमच्या घरीं रीत नाहीं. म्हणून पाभर वळचणीला राहिली आणि चाड्यावर मूठ धरली गेली नाहीं. सायंकाळीं भुरभुर लागली, ती तीन-चार दिवस हटली नाहीं. वापसा मोडला आणि पेरणी आठवडाभर मागें पडली. मुगासारख्या थोड्या मुदतीच्या पिकांत आठवडा म्हणजे लहान गोष्ट नव्हे. शेजारच्या बांधावर ज्यानें त्याच सकाळीं मूग पेरून घेतला, त्याचा मूग सारखा उगवून आला; ग्रहणानें त्याचें कांहीं वाकडें केलें नाहीं.

याचा दोष आम्ही कोणास देत नाहीं. निर्णय आमच्याच घरचा होता. स्नान, दान, जप हीं ज्याच्या त्याच्या श्रद्धेचीं कामें आहेत व त्यांविषयीं येथें वाद नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पेरणीचा मुहूर्त वापशानें ठरवावा. आणि ग्रहणाचा दिवस दार लावून घालविण्याऐवजीं त्या दिवशीं आपल्या रानांतील हवा मोजावी.

हें मोजणें आपल्या मुलखास नवें नाहीं. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं, पौष अमावास्येस, खग्रास ग्रहणाची छाया कोंकणपट्टीवरून घाट चढून सोलापूर जिल्ह्यांतून गेली. विजयदुर्गास इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर येऊन राहिले होते. जेऊर येथें—आपल्या नगरजवळचें जेऊर नव्हे, करमाळा तालुक्यांतील—अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं दुर्बिणी मांडल्या होत्या. भिंगार त्या पट्ट्याच्या उत्तरेस बाहेर राहिलें. येथें सूर्य पुष्कळसा झांकला, पण पुरता नाहीं. अवघ्या दोन मिनिटांच्या काळोखासाठीं ही मंडळी समुद्र ओलांडून आली, यावरून त्या वेळेची किंमत ध्यानांत यावी.

त्यांचें लक्ष सूर्याभोंवतालच्या प्रभामंडळाकडे होतें. शेतकऱ्याच्या कामाचा भाग मात्र खालीं, जमिनीजवळ घडतो. दिवसा ऊन मुख्यतः जमिनीस तापवितें आणि तापलेली जमीन आपल्या लगतची हवा तापविते. ती हवा हलकी होऊन वर चढते. म्हणून दुपारीं वारा खेळता असतो व आकाशांत कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग जमतात. ग्रहणांत ऊन ओसरूं लागलें कीं हा व्यवहार उलटतो. जमीन निवते, वर चढणारी हवा मंदावते, वाराही पडतो. सर्वांत अधिक गारवा मात्र ग्रहणाच्या मध्यास न येतां कांहीं मिनिटें मागाहून येतो. कारण ऊन परत येऊं लागलें तरी जमिनीचा जमाखर्च सुधारण्यास अवधि लागतो.

एरवीं हें शिकणें कठीण आहे. ढग आला, वारा फिरला, दिवस कलला, अशीं अनेक कारणें एकाच वेळीं घडतात व कोणत्या कारणाचें फळ कोणतें हें कळत नाहीं. ग्रहणांत ऊन किती आणि केव्हां घटणार, तें आधींच मिनिटावर ठाऊक असतें. म्हणून ता. २० मार्च २०१५ च्या ग्रहणांत रेडिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं इंग्लंडांतील शाळकरी मुलांकडून व हौशी लोकांकडून नोंदी करवून घेतल्या. हवा गार होते आणि वाऱ्याचा वेग व दिशा बदलते, हें तेथें दिसून आलें. २०२४ सालीं हॉलंडांतील संशोधकांनीं उपग्रहांच्या चित्रांवरून दाखविलें कीं, सूर्यबिंबाचा सुमारें १५ टक्के भाग झांकतांच जमिनीवरील पुंजक्यांचे ढग विरूं लागतात. पृथ्वी निवविण्यासाठीं ऊन मुद्दाम अडवावें अशा योजना आज जगांत मांडल्या जात आहेत. त्यांचा ढगांवर काय परिणाम होईल, हा प्रश्न पावसावर जगणाऱ्या नगर जिल्ह्यास परका नाहीं.

कोणी विचारील, थर्मामीटरच्या आंकड्यांनीं एका पोत्याची तरी भर पडेल काय ? एका दिवसाच्या आंकड्यांनीं पडणार नाहीं; संवयीनें पडेल. पुण्यास हवामान खात्याची कृषिशाखा १९३२ सालीं निघाली व तिची धुरा डॉ. एल्. ए. रामदास यांनीं वाहिली. निरभ्र, निवांत रात्रीं उघड्या जमिनीवर सर्वांत अधिक थंडी अगदीं मातीस चिकटून नसते, वीत-दोन वीत वर असते, हें त्यांनीं दाखवून दिलें. एवढ्याच उंचीवर आपलीं भाजीपाल्याचीं रोपें असतात. हा शोध मोठ्या दुर्बिणीनें लागला नाहीं. जमिनीलगत निरनिराळ्या उंचीवर तापमान मोजल्यानें लागला. आपल्या खोलगट रानांत नगरपेक्षां किती अंश अधिक थंडी पडते, हें आपल्यापैकीं किती जणांस सांगतां येईल ?

पुढील संधि सोमवार, ता. २ ऑगस्ट २०२७ रोजीं, आषाढ अमावास्येस, म्हणजे दिव्यांच्या अवसेस आहे. त्या दिवशीं महाराष्ट्रांत दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे. आपल्या संस्थेनें गांवोगांवच्या सभासदांस एकाच जातीचे थर्मामीटर द्यावे. ते जमिनीपासून चार फूट उंचीवर, सावलींत पण वारा लागेल असे टांगावे आणि ग्रहणापूर्वीं एक तासापासून नंतर एक तासापर्यंत दर पांच मिनिटांनीं वाचावे. सोबत वारा व ढग यांची नोंद ठेवावी. आदल्या व दुसऱ्या दिवशींही त्याच वेळीं वाचन करावें, नाहीं तर तुलना कशाशीं करणार ? सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये. या कामास त्याची गरजही नाहीं. आकाश भरलेलें असलें तर फरक थोडा पडेल, पण तीही नोंदच होय. मग ते थर्मामीटर काढून न ठेवतां हिंवाळ्यांत रोज पहाटे वाचावे.

आभाळाकडे पाहण्यांत आपल्या पिढ्या गेल्या. आतां पाहिलेलें लिहून ठेवण्याची संवय लावावी, आणि तिचा आरंभ त्या अमावास्येस करावा, अशी आमची सूचना आहे.